पांडू आणि रंगराव : एका पडापडीच्या लघुपटाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

संहितेचा तिसरा खर्डा वाचला. माणसं पाच, चहा आठ.

गोष्ट अशी. पांडुरंग हा कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत कॅशियर. शिपाईसुद्धा त्याला ‘ए पांडू’ म्हणून हाक मारतो. पण हलगी कानावर पडली की याच्या अंगातला रंगराव जागा होतो. छाती पुढे, हात मिशीवर, समोर येईल त्याला शड्डू. कुकरची शिट्टी झाली की परत पांडू. मधल्या वेळात काय झालं ते त्याला आठवत नाही, फक्त शर्टाची बटणं तुटलेली असतात. शेवटी कांदेपोह्यांचा कार्यक्रम, बाहेरून वरात येते आणि आत गॅसवर कुकर.

वाचताना पान २ ला हसले, पान ९ ला हसले. मधली सहा पानं सगळे मोबाइलमध्ये. आवाजवाला तर उठून गॅलरीत गेला. कारण तिथल्या तिथे कळलं. रंगराव हाणतो, पांडू माफी मागतो, परत रंगराव हाणतो, परत माफी. ही नुसती पाळीपाळीने येणारी दोन माणसं झाली, दिवसपाळी आणि रात्रपाळी. भांडण कुठे आहे? दोघांना एकच गोष्ट हवी असेल आणि ती मिळवायची रीत उलटी असेल, तेव्हा एका अंगात जागा अपुरी पडायला लागते. म्हणजे मुलगी दोघांनाही पसंत पडली पाहिजे. पांडूला तिला कविता ऐकवायची आहे, रंगरावला तिला खांद्यावर बसवून रंकाळ्याला फेरी मारायची आहे.

पान ३ ते ८ रद्द.

९ जानेवारी, गुरुवार

नटाच्या आत्याच्या ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञ आहेत, त्यांना संहिता वाचायला दिली होती. आज दवाखान्यात भेटल्या. भाकरीच्या प्रसंगाला मोठ्याने हसल्या, म्हणून मी जरा सैल बसले. मग पान ११ काढलं. तिथे आमचा डॉक्टर म्हणतो, ‘याला स्किझोफ्रेनिया झालाय, एका शरीरात दोन माणसं राहतात.’ त्याखाली त्यांनी पेन्सिलने दोन रेघा मारल्या होत्या.

‘‘हे काढा. हा तो आजारच नाही.’’

मी म्हटलं, बाई, मराठीत शब्दच छिन्नमनस्कता आहे, मन छिन्न म्हणजे दोन तुकडे, असंच वाटणार ना. त्या म्हणाल्या, घोळ तिथूनच सुरू होतो. ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरने १९०८ मध्ये ग्रीक शब्दांवरून हे नाव पाडलं, ‘दुभंगलेलं मन’ अशाच अर्थाचं. पण त्याला म्हणायचं होतं की विचार, भावना आणि वागणं यांचे धागे एकमेकांपासून सुटतात. पेशंटला कानात आवाज येतात, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे याची खात्री पटते, विचार विस्कटतात. आत वेगळ्या नावाचा दुसरा गृहस्थ राहत नाही. ते दोन नावांचं प्रकरण वेगळं. त्याला पूर्वी बहुव्यक्तिमत्त्व म्हणायचे, १९९४ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या नियमावलीत त्याचं नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर झालं. क्वचित दिसतं, आणि त्यामागे बहुतेक वेळा लहानपणी झालेले भयंकर अत्याचार असतात.

‘‘त्यावर हसवणार आहात का?’’

नाही.

मग त्यांनी सांगितलं की स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे नातेवाईक पहिल्याच भेटीत दबक्या आवाजात विचारतात, ‘दुसरा माणूस कधी बाहेर येतो हो?’ सिनेमा बघून आलेले असतात. जिम कॅरीचा ‘मी, मायसेल्फ अँड आयरीन’ २००० साली आला तेव्हा अमेरिकेतल्या मानसिक आरोग्याच्या संस्थांनी नेमका हाच आक्षेप घेतला होता. ऱ्होड आयलंडचा एक मवाळ पोलीस, त्याच्या आत दबलेला एक दांडगट, आणि सिनेमात त्याच्यावर चिठ्ठी स्किझोफ्रेनियाची. मी तो कॉलेजात सीडीवर तीनदा बघितलाय. पोट धरून हसलेय. तो माणूस स्वतःलाच हाणतो ते आजही कुणी करून दाखवावं. चिठ्ठी मात्र चुकीचीच होती. आपल्याकडे ‘देवराई’ २००४ मध्ये आला, त्यात हाच आजार किती जपून दाखवलाय, आणि आम्ही वीस वर्षांनी परत दोन माणसं एका अंगात कोंबत बसलो होतो.

निर्णय: डॉक्टरचा प्रसंग पूर्ण बाद. सिनेमात कुणीही पांडुरंगला वेडा म्हणणार नाही. ‘येरवडा’ हा शब्द कुणाच्याही तोंडी नाही. (आवाजवाल्याचा आवडता विनोद गेला. तोंड पाडून बसलाय.)

मग पांडुरंगला झालंय काय? काहीच नाही. वगात राजाचा हवालदार होतो आणि हवालदाराची मावशी होते तेव्हा पब्लिक मेडिकल सर्टिफिकेट मागत नाही. सोंग आहे, एवढं पुरतं.

१२ जानेवारी, रविवार

नटाबरोबर माडीवर चार तास.

तो आला तोच दोन आवाज तयार करून. पांडूचा नाकातून, रंगरावचा बेंबीच्या देठापासून. चांगले होते. मी मोबाइलवर पाच मिनिटं शूट केलं आणि आवाज बंद करून त्यालाच दाखवलं. कुठला पांडू आणि कुठला रंगराव, त्याला स्वतःला दोनदा चुकलं. गप्प झाला बिचारा.

म्हणून आज तोंड बंद ठेवून काम. तीन तास नुसत्या पायांवर. पांडूचं वजन टाचांवर, अंगठे किंचित आत वळलेले, जणू चप्पल कुणीतरी उचलून नेईल अशी भीती. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. नजर चार फुटांवरच्या फरशीवर. रंगराव चवड्यांवर उभा, पावलं बाहेर, गुडघ्यात जराशी लवण, कारण तो कायम कुणावर तरी झेप घ्यायच्या तयारीत. त्याचे हात अंगाला लागतच नाहीत, काखेत लिंबू धरल्यासारखे.

मग खरी मेख. बदल कुठून सुरू व्हायचा? तो सवयीने चेहऱ्यापासून करत होता. डोळे मोठे, मिशीवर हात, आणि मग बाकीचं अंग मागून येणार. ते खोटं दिसतं. उलट करून बघितलं. हलगीचा पहिला ठोका पडला की फक्त डाव्या पायाचा अंगठा बाहेर वळतो. चेहरा अजून पांडूचाच, दुसऱ्याशी व्याजाचा दर बोलतोय. दुसऱ्या ठोक्याला टाच उचलते. तिसऱ्याला गुडघा. कंबर, मग खांदे. चेहऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. त्या मधल्या दोनतीन सेकंदांत पांडूच्या चेहऱ्यावर एक घाबरलेलं आश्चर्य येतं, खाली आपले पाय काय करताहेत हे बघणाऱ्या माणसाचं. कॅमेरावाला एवढा हसला की ट्रायपॉड हलला.

हे एका शॉटमध्येच घ्यायचं, मध्ये कट नाही. कट आला की प्रेक्षक म्हणणार, हं, कपडे बदलून आला.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. नटाने तिळगूळ घेताना उजव्या हाताने घेतला आणि डाव्या हाताने उजव्याच्या हातातून हिसकावला. आई म्हणाली, याला काहीतरी झालंय.

१८ जानेवारी, शनिवार

रात्री दोन सिनेमे बघितले, वह्या घेऊन.

‘ऑल ऑफ मी’, १९८४. स्टीव्ह मार्टिनच्या अर्ध्या अंगाचा ताबा एका बाईकडे जातो, आणि तो भर रस्त्यात चालायला लागतो. एक पाय एकाचा, दुसरा दुसरीचा. आम्ही तो तुकडा किमान पंधरा वेळा मागे घेतला. लक्षात आलं ते हे, की तो दोन्ही बाजू एकाच वेळी कधीच हलवत नाही. एक बाजू हलते तेव्हा दुसरी थिजून तिच्याकडे बघत असते. आपला नट दोन्ही हात एकदम फिरवत होता, त्यामुळे भांडण दिसायच्या ऐवजी झटका आल्यासारखं वाटायचं. ते तर अजिबात नकोय.

‘द नटी प्रोफेसर’, १९६३. भित्रा रसायनशास्त्राचा प्राध्यापक औषध पिऊन छैलछबिला होतो. जेरी लुईस त्यात नटही आणि दिग्दर्शकही. हाच माणूस १९६० पासून फिल्म कॅमेऱ्याला व्हिडिओ कॅमेरा जोडून सेटवरच स्वतःचं काम बघायला लागला होता. आज लग्नाचा फोटोग्राफरसुद्धा मॉनिटर बघतो, पण त्याची मोठी गरज पहिल्यांदा एका पडापडी करणाऱ्या नटाला भासली, हे मला फार पटतं. अश्रू आतून कळतात. आपण किती अंशात पडलो हे आतून कळत नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन उरकून तालमीत. वस्ताद सत्तरीच्या आसपास, नटाच्या आजोबांचे शिष्य.

हौद्यातली लाल माती बोटभर नव्हे, चांगली हातभर खोल उकरलेली. तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून मळलेली. वास असा की भूक लागावी. अट पहिली: हौद्यात पायताण नाही. दुसरी: ट्रायपॉडचे पाय मातीत रोवायचे नाहीत. कडेला फळी टाकून त्यावर उभा केला. तिसरी: बायकांनी आत यायचं नाही. ही मला आधी माहीत होती, तरी तिथे जाऊन ऐकल्यावर टोचलीच. नटाने तोंड उघडलं होतं, मी हाताने खूण करून गप्प केलं. भांडून आजची तारीख गेली असती. मी बाहेर खिडकीच्या गजाला नाक लावून उभी राहिले आणि फोनवरून आत ‘रोल’ आणि ‘कट’ म्हणत होते. माझा आवाज कॅमेरावाल्याच्या खिशातून येत होता.

वस्ताद नटाला म्हणाले, ‘‘पाडायला समदीच शिकत्यात. तू पडून दाखव.’’

तो पडला आणि कळवळला. हात मागे टेकवला होता. वस्तादांनी मनगट चोळून दिलं आणि पुढचा दीड तास फक्त मागे पडणं. हनुवटी छातीला. खाली येताना श्वास सोडायचा, धरायचा नाही. माकडहाडावर कधीच नाही, पाठीचा पसरट भाग आधी लागू द्यायचा, आणि त्याच क्षणी दोन्ही हात अंगापासून लांब जमिनीवर सपाट आपटायचे, म्हणजे मार वाटला जातो. हाताचा तो फाडकन आवाज येतो तोच प्रेक्षकाला हाड मोडल्यासारखा वाटतो. म्हणजे वाचवणारी गोष्टच सगळ्यात जास्त लागल्यासारखी दिसते.

मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन पोरवयात आईबापाबरोबर रंगमंचावर काम करायचा. बाप त्याला सामानासारखा भिरकावायचा आणि त्यासाठी पोराच्या कपड्यांना सुटकेसची मूठ शिवलेली असायची. मी ते वस्तादांना खिडकीतून सांगितलं. ते म्हणाले, ‘‘मूठ कशाला? लंगोट हाय की.’’

शेवटी मुख्य डाव ठरला. रंगराव पांडूला धोबीपछाड मारतो. म्हणजे एकच माणूस स्वतःला पाठीवर घेऊन पुढे आपटतो. सहाव्या टेकला जमलं. खिडकीतून तरी झकास दिसलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

फळी तयार. स्लॅपस्टिक हा शब्द ज्या वस्तूवरून आला ती वस्तू: दोन पातळ लाकडी पट्ट्या, मुठीकडे एकत्र, टोकाकडे मध्ये बारीक फट. इटलीतले जुने फिरते विदूषक वापरायचे. हलक्या हाताने मारलं तरी पट्ट्या एकमेकींवर आपटतात आणि आवाज थोबाडीत बसल्याचा. गल्लीतल्या सुताराने पहिली प्लायवूडची केली, ती थप्प वाजली, ओल्या पुठ्ठ्यासारखी. दुसरी जुन्या पाळण्याच्या सागवानी पट्ट्यांची. फट्ट! समोरच्या घरातलं कुत्रं उठलं. मूठ सव्वा वीत, पट्ट्या दीड फूट, फट पेन्सिल जाईल एवढी. सुताराने पैसे घेतले नाहीत, फक्त सिनेमात नाव टाका म्हणाला, आणि वर दोनदा माझ्या भावाच्या पाठीवर वाजवून बघितली.

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला दिवस. पतसंस्था म्हणून एक बंद किराणा दुकान सजवलं. सतरा शॉट. संध्याकाळी लॅपटॉपवर टाकले आणि पोटात गोळा आला. प्रत्येक फ्रेमवरून काळपट पट्टे वर सरकताहेत.

भाड्याने आणलेला कॅमेरा आधीच्या कुणीतरी सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर (म्हणजे दर फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड आत) ठेवला होता. दुकानदाराने तसाच दिला आणि आम्ही तसाच लावला. दोघांचाही गाढवपणा, पण पैसे आमचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा फुलते आणि मावळते. १/५० किंवा १/१०० शटर ठेवलं तर प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला पूर्ण फुलणं-मावळणं येतं. १/६० ला अर्धवट तुकडा येतो, आणि तो प्रत्येक वेळी वेगळा. डोळ्याला शूटिंगच्या वेळी काही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावरही नीट दिसलं नाही.

सतराच्या सतरा गेले. आता २५ फ्रेम, १/५०, आणि कॅमेऱ्यावर पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर मार्करने लिहिलंय.

९ फेब्रुवारी, रविवार

सतराही परत घेतले. नट दुसऱ्या दिवशी जास्त बरा होता, ते कुणी मोठ्याने बोललं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

गोधडीचा शॉट. सबंध सिनेमात पांडू आणि रंगराव एकदाच एका फ्रेममध्ये दिसतात, पांडूच्या स्वप्नात. थंडीची रात्र, गोधडी एक, ओढणारे दोन.

एक नट दोन भूमिकांत हे आपल्याकडचं जुनं काम. फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ साली अण्णा साळुंके राम पण होते आणि सीता पण. कीटनने १९२१ मध्ये ‘द प्लेहाउस’मध्ये स्वतःच्या नऊ प्रती एका रांगेत उभ्या केल्या. लेन्सपुढे झडपा लावायच्या, एक पट्टी उघडायची, शूट करायचं, तीच फिल्म मागे गुंडाळायची, पुढची पट्टी उघडायची. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवायचा आणि दर वेळी वेग तोच हवा. आम्हाला हे एडिट करताना कॉम्प्युटरवर मास्क ओढून, म्हणजे चित्राचा अर्धा भाग झाकून, करायचंय, म्हणजे लाडावलेलीच जमात आम्ही.

तरी दिवस गेला. माडीवरच्या खोलीत मधोमध सागवानी खांब आहे. त्याच्या दोन बाजूंना दोन खाटा, जोड खांबावर. कॅमेरा लॉक, फोकस हाताने, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) बांधलेला. आधी नट डावीकडे पांडू म्हणून, मग तोच उजवीकडे रंगराव म्हणून. अट एकच, कुणाचाही हात किंवा सावली खांब ओलांडता कामा नये. पण गोधडी तर ओलांडणारच! ती खांबाच्या मागून नेली. पांडूच्या टेकला उजव्या कडेबाहेरून माझा भाऊ ओढतो, रंगरावच्या टेकला डाव्या कडेबाहेरून. खांबाआड गोधडी दिसेनाशी होते, त्यामुळे दोन टेकमधला फरक खांब गिळतो.

ओढाओढ जुळवायला हलगीवाल्याला खालच्या अंगणात बसवला. आठ ठोके पांडूकडे, चार रंगरावकडे, दोन पांडूकडे, मग रंगराव एकदम. दोन्ही टेकला तोच वाजवत होता आणि तरीही पहिल्या दोन जोड्यांत गोधडी उजवीकडे जायच्या आधीच डावीकडून सुटली. तिसऱ्या जोडीला ढग आला. खिडकीतला उजेड पांडूवर पिवळा, रंगराववर निळा. मग खिडकीला काळं कापड, बाहेरून एकच दिवा, आणि दुपारी चारला रात्र केली. पाचवी जोडी पास.

ही गोधडी आजीच्या नऊवारीची आहे. एका कोपऱ्याची शिवण उसवली. आजीला अजून सांगितलेलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

कांदेपोह्यांचा प्रसंग. घर मावशीचं, कुकर तीन (एक दिसणारा, दोन शिट्टीसाठी राखीव), पोहे चार किलो.

मुलीचं काम करणारी कॉलेजात नाटकं करते. सकाळीच मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ताई, मी नुसती बघत बसणार का शेवटपर्यंत?’’ संहितेत खरंच तसं होतं. ती बघते, लाजते, किंचाळते. मी दहा मिनिटं मागितली. मोरीजवळ उभं राहून दोघींनी प्रसंग बदलला. आता तिला सगळ्यांच्या आधी कळतं. ती शिट्टी ऐकते, पाय बघते, हलगी ऐकते, परत पाय बघते. मग शांतपणे उठून गॅस मोठा करते. शिट्टी, पांडू. खिडकी उघडते. हलगी, रंगराव. खिडकी बंद, शिट्टी. तिला एकाकडून कविता ऐकायचीय आणि दुसऱ्याकडून माळ्यावरचं पिंप खाली काढून घ्यायचंय. दोन्ही कामं होतात.

सिनेमा इथे उभा राहिला असं मला वाटतं. माझ्या तीन खर्ड्यांत हे नव्हतं.

पोहे सातव्या टेकपर्यंत नटाने खरे खाल्ले. आठव्याला बशी बघून त्याने तोंड फिरवलं ते अभिनय म्हणून छान आलं, ठेवलंय.

६ मार्च, गुरुवार

एडिट. रात्रीचे दोन.

पांडू बाकावर बसायला जातो, रंगरावचा हात बाक मागे सरकवतो, पांडू पडतो. पहिल्या जोडणीत कुणी हसलं नाही. बाक सरकल्यापासून बूड खाली जायला सुरुवात होईपर्यंत ५ फ्रेम होत्या. सेकंदाला २५, म्हणजे पाव सेकंदसुद्धा नाही. प्रेक्षकाला बाक गेलेला कळायच्या आत माणूस खाली. १४ फ्रेम करून बघितल्या तर तो पडायची वाट बघत थांबल्यासारखा वाटला. ९ वर आणलं. ९ ला माझ्या भावाने जांभई मध्येच सोडून हसून दाखवलं. तो या घरातला सगळ्यात खडूस प्रेक्षक.

वरातीतला पाठलाग जरा पळवला. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने, साधारण १६ फ्रेमच्या आसपास फिरवायचे आणि दाखवताना वेग जास्त, म्हणून ती माणसं तुरुतुरु चालतात. आम्ही १२५ टक्के करून बघितलं, मुंग्यांची वरात दिसायला लागली. ११२ टक्के. कळत नाही आणि गुदगुल्या करतं.

एकूण १७ मिनिटं झालीयत. तीन मिनिटं कापायची आहेत. पतसंस्थेतला शिपायाचा प्रसंग जाणार. शिपाई झालेला माणूस माझा सख्खा मामा आहे.

९ मार्च, रविवार

आवाज. मामाला फोन केला. उचलला नाही, म्हणजे कुणीतरी आधीच सांगितलंय.

थोबाडीत: सागवानी फळी, त्याखाली ओल्या पंचाचा फटका अगदी बारीक. नुसती फळी सर्कशीतली वाटते, पंचामुळे मांस येतं. हाड मोडणं: उसाचं कांडं, पेराजवळ पिळून मोडायचं. गाळप संपत आलंय, गुऱ्हाळावरून दोन मोळ्या मिळाल्या. जाडा ऊस बरगडीला, बारीक करंगळीला. उरलेला आवाजवाल्याने खाल्ला आणि त्याच्या चावण्याचा आवाज आम्ही रंगराव दात खातो तिथे वापरला. मिशी पिळणं: झाडूच्या काड्या. अंगठा बाहेर वळणं, सिनेमातला सगळ्यात महत्त्वाचा आवाज, शेवटी जुन्या लाकडी पेटाऱ्याची बिजागरी. किर्रर्र.

हलगीला मी पार्श्वसंगीत म्हणून खाली दाबत होते. हलगीवाला म्हणाला, ‘‘ताई, कुस्तीच्या मैदानात कोण जोरात हाय ते हलगीवरनं कळतं. मी गप झालो की कुस्ती थंड.’’ मग तिला पात्रासारखीच वागवली. पांडूच्या वेळी हलगी साफ बंद, घड्याळाची टिकटिकसुद्धा मोठी वाटेल अशी शांतता. शेवटचा शड्डू मात्र तालमीत घेतलेला खराच ठेवलाय, त्याच्यापुढे फळीही फिकी.

१९ मार्च

रंगपंचमी. फाइलची दुसरी प्रत भावाच्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि डिस्क पिशवीत घालून कपाटात. बाहेर गेले.

२९ मार्च, शनिवार

१४ मिनिटं ८ सेकंद. खर्च ३१,४०० रुपये, त्यातले ४,००० काळपट पट्ट्यांनी वाया गेलेल्या त्या पहिल्या दिवसाचे.

रात्री तालमीबाहेरच्या चौकात पांढरं कापड बांधून दाखवला. साठ-सत्तर माणसं, निम्मी पोरं. अंगठा वळला तिथे पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोधडीला हशा आला, आणि आजीने उसवलेला कोपरा पडद्यावर ओळखला. कविता ऐकताना मुलगी गॅस बारीक करते तिथे बायका हसल्या, पुरुषांना काही कळलं नाही. डॉक्टरबाई मागे खुर्चीवर होत्या. निघताना म्हणाल्या, कुकरच्या शिट्टीला मी आता दचकणार. मामा आला होता. स्वतःचं नाव ‘विशेष आभार’मध्ये बघून गेला, जेवायला थांबला नाही.

वस्ताद पहिल्या रांगेत, काठीवर हनुवटी टेकून. चौदा मिनिटांत एकदाही हसले नाहीत. सगळे पांगल्यावर मला बोलावलं.

‘‘धोबीपछाड चुकलाय.’’

मी म्हटलं, कसा? सहाव्या टेकला तुम्हीच तर व्हय म्हणाला होता.

‘‘म्या पडणं बगून व्हय म्हनलो. डाव कोण मारतंय त्याचा? रंगराव. मग हात कुणाचा धरायचा?’’

पांडूचा.

‘‘पांडूचा हात कंचा?’’

डावा. सबंध सिनेमाभर डावा हात पांडूचा आणि उजवा रंगरावचा. आणि त्या एका शॉटमध्ये नटाने डाव्या हाताने उजवा धरून खांद्यावरून ओढला आहे. म्हणजे आमच्या सिनेमात पांडूने रंगरावला पाडलं. एवढे लोक बघून गेले, मी हा शॉट शंभरदा मागेपुढे केला, भावाने केला, कुणाच्या लक्षात आलं नाही.

‘‘तुमाला खिडकीतनं हात दिसला नसंल,’’ वस्ताद म्हणाले. थोडा वेळ काठीने फरशी टोकरत बसले. ‘‘रविवारी पाटं साडेपाचला हौदा मोकळा असतोय. त्या पोराला घिऊन या. तुमी कट्ट्यावर बसा. पायताण भायेर काडून.’’

उद्या पाडवा, सकाळी गुढी उभारायची आहे, म्हणून पुढचा रविवार, ६ एप्रिल. चिकटपट्टी, २५, १/५०. नटाला उजव्या मनगटावर लाल धागा बांधायचा.